चौथीची ओळ

मास्तर गेले तेव्हा शोकसभेत सहा जण बोलले आणि सहाही जण खोटं बोलले. मास्तर मायाळू होते. मास्तरांच्या तोंडून कुणाला कधी वाकडा शब्द गेला नाही. मास्तरांनी गावच्या पोरींना लेकींसारखं घडवलं. मळवलीच्या समाजमंदिरात मी तिसऱ्या रांगेत मुठी आवळून बसले होते. सातवं बोलायला माझं नाव पुकारलं. मी उठले नाही. उठले असते तर खरं बोलले असते, आणि समोर त्यांची बायको बसली होती. म्हणून ते इथं लिहिते.

टेबलावर नेहमीचे दोन फोटो होते, तिसरा मास्तरांचा, आणि चौथा एका गोऱ्या, टकल्या, गळ्याला बो बांधलेल्या माणसाचा. चारही फोटोंना सारखे झेंडूचे हार. सूत्रसंचालकांनी चौथ्या फोटोला हात जोडून ‘परदेशी बौद्ध विद्वान’ म्हटलं. सभेतलं एवढंच वाक्य ऐकून मला हसू आलं. तो विद्वान नव्हता आणि बौद्धही नव्हता. तो हंगेरी देशातला, गाण्यांच्या हलक्याफुलक्या नाटकांना चाली लावणारा एक माणूस होता. आमच्या मास्तरांनी जन्मभर जे केलं ते त्याच्या नादानं केलं.

मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. ते माळी होते. मळवली स्टेशनपासून वीस मिनिटांच्या चालीवर एक जुना बंगला आहे, तिथं त्यांचे वडील माळी आणि मग ते. बारा महिने पायात गमबूट, लग्नातसुद्धा. बोलता बोलता खाली वाकून गवत उपटायची सवय, दुसऱ्याच्या अंगणातसुद्धा. कुणाच्या मयताला गेले तरी माती ढकलून झाली की कडेचं तण काढत उभे राहायचे. टाळ्यांचा त्यांना तिटकारा. म्हणायचे, “टाळ्यांनी पीक वाढत न्हाई.” त्यांच्याकडची सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे “चालंल.” मला ती अकरा वर्षांत दोनदा मिळाली.

बंगल्याची मालकीण पारशी, एकटी, म्हातारी. तिच्याकडे रेकॉर्डचा एक पेटारा होता आणि त्यातल्या निम्म्या रेकॉर्डी या हंगेरियनाच्या. दुपारी बाई त्या लावायची आणि मास्तर, तेव्हा विशीतले, खिडकीखालच्या वाफ्यात गरजेपेक्षा जास्त वेळ खुरपत बसायचे. बाईच्या ते लक्षात आलं. तिनं त्यांना व्हरांड्यात बसवून त्या माणसाची गोष्ट सांगितली. लहान गावातला. मोठं संगीत लिहायला निघालेला, पण जमलं ते हलकं. मोठ्या संगीतवाल्यांनी जन्मभर नाक मुरडलं, आणि लोक मात्र त्याच्याच चाली गुणगुणत घरी गेले. पुढं लढाई आली, देश सोडून पळावं लागलं, नव्या देशात त्याला कुणी ओळखेना.

एवढी गोष्ट खरी असावी. बाकीची मास्तरांनी वाढवली. हा हंगेरियन त्यांच्या बोलण्यात असा यायचा, जसा काही शेजारच्या गावातला चुलतभाऊ. “त्यो पण चहा बिनसाखरेचा प्यायचा.” “त्यो पण कुणाच्या पाया पडला न्हाई.” मास्तरांचं कुणाशी भांडण झालं की दुसऱ्या दिवशी कळायचं, त्या माणसाचंही असंच भांडण झालं होतं आणि बरोबर तोच होता. त्या बिचाऱ्याचं आयुष्य मास्तरांच्या सोयीनं बदलत राहायचं.

बाई गेल्यावर तिच्या भाच्यांनी पेटारा भंगारात दिला. मास्तर त्या दिवशी कार्ल्याच्या बाजाराला गेले होते. परत आले तर व्हरांड्यात रेकॉर्डचं एक रिकामं पाकीट तेवढं पडलेलं, वर त्या माणसाचा फोटो. तो त्यांनी पंपाच्या खोलीत लावला. युरियाच्या गोणीत गुंडाळलेली त्यांची वाजवायची पेटीही तिथंच असायची.

आता काम. आमच्याकडे भीमजयंतीला जलसा व्हायचा. गाणी, थोडी नाटकबाजी, भाषणं. मास्तरांनी त्या जलशात त्या हंगेरियनाकडून उचललेली एक गोष्ट आणली. आपल्याकडे पाच जणी गायला उभ्या राहिल्या की पाची एकच ओळ गातात. मास्तरांच्या नाटकात पाच जणी पाच वेगळ्या ओळी गायच्या, पाच वेगळ्या चालींत, आणि एकाच वेळी. नाटक त्यांचंच, ‘मालक येणार’ नावाचं. पाच बंगल्यांवर काम करणाऱ्या पाच बायका. मालक वर्षभर येत नाहीत, म्हणून बंगले यांचेच झालेले. शेवटी निरोप येतो, मालक घाटात पोचले. मग पाची जणी एकदम सुरू होतात. पहिली चादरी शोधते, दुसरी कोंबड्या हाकलते, तिसरीला किल्ल्या सापडत नाहीत, चौथीला तिचा पाव्हणा लपवायचाय, पाचवी नुसती नवसावर नवस बोलते. शेवटी सगळ्या एका सुरात “मालक आले” म्हणतात आणि पडदा.

तिसरी मी. “किल्ल्या गेल्या कुठं गं बाई, किल्ल्या गेल्या कुठं.” आज माझ्याकडे लोणावळ्यापासून कार्ल्यापर्यंतच्या अकरा बंगल्यांची देखभाल आहे. अकरांच्या किल्ल्या भिंतीवरच्या फळीवर नंबर घालून टांगलेल्या आहेत आणि त्यातली एकही कधी हरवलेली नाही.

ताल तीन मात्रांचा. ढोलकीवाले आबा म्हणाले, दादरा वाजवतो. मास्तर म्हणाले, दादरा नाही, पहिल्या मात्रेवर बसा, पुढच्या दोघींना नुसतं शिवा. आबांनी दोन दिवस प्रयत्न केला आणि ढोलकी काखेत मारली. “ह्यो ताल लंगडा हाय. कुणी नाचलं तर पाय मुरगाळंल, आन् नाव माझं हुईल.” ते गेले. मास्तरांनी समजूत काढली नाही. त्यांनी कधी कुणाची काढलीच नाही.

पाच जणींना शिकवायची त्यांची तऱ्हा अशी. प्रत्येकीचा वार वेगळा. माझा मंगळवार. मास्तर पुढं खुरपत जाणार, आपण मागं घमेलं घेऊन तण गोळा करत चालायचं आणि आपली ओळ म्हणायची. त्यांच्या बागेतलं पाच वर्षांचं तण आम्ही पाच पोरींनी फुकटात काढलं, हे शोकसभेत कुणी सांगितलं नाही. दुसरीची ओळ ऐकायची बंदी. घरी गुणगुणायचीही बंदी, कारण आम्ही एकमेकींच्या घरी जायचो. पाची एकत्र गायच्या वेळी आम्हाला बागेच्या पाच कोपऱ्यांत उभं करायचे आणि मधे पेटी घेऊन बसायचे. कुणाची नजर शेजारणीकडे गेली की ओरडायचे, “ऐकू नको. गा.”

जगातला प्रत्येक गाणं शिकवणारा ‘ऐक’ म्हणतो. हे एकटे ‘ऐकू नको’ म्हणणारे. तेव्हा मला वाटायचं, हा निव्वळ कंजूषपणा आहे. सबंध गाणं आपल्या एकट्याच्या मुठीत राहावं म्हणून. आता कळतं की त्यात अक्कल होती. आपल्या कानाला एकाच ओळीची सवय. शेजारणीची ओळ कानात शिरली की गळा आपोआप तिच्यामागं जातो. पण हे कारण त्यांनी एकदा तोंड उघडून सांगितलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. सतरा वर्षांच्या मुलीला नुसती बंदी घातली की ती काय करते, हे माळ्याला कळू नये? कुंपण घातलं की शेळी तिथंच तोंड घालते.

चौथी वत्सला. मूळ बेडशाची, शिकायला मळवलीत मावशीकडे राहायची. माझी मैत्रीण. कॉलेजातून येताना आम्ही मळवलीला उतरून रेल्वेच्या कडेनं जोडीनं चालायचो. एक दिवस मी म्हटलं, वच्छे, तुझी म्हण ना. तिनं म्हटली. “पाव्हणा माझा परसदारी, पाव्हणा माझा उभा.” मग मी माझी म्हटली. आठवड्याभरात मला तिची पाठ, तिला माझी. एकदा ती, एकदा मी, अशा आळीपाळीनं. दोघींनी एकदम कधी म्हटली नाही, तेवढा नियम आम्ही पाळला.

जयंतीच्या संध्याकाळी मैदान भरलं होतं. शेवटचं गाणं सुरू झालं. दुसऱ्या फेरीत “कुठं” म्हणून मी सूर लांबवला आणि पुढची ओळ घेतली, ती तिची. मला कळलंसुद्धा नाही. वत्सलाला कळलं. ती अर्ध्या क्षणात माझ्या ओळीवर आली. म्हणजे मी तिचं गातेय आणि ती माझं. पाची ओळी जागच्या जागी. समोरच्या हजार माणसांत एकालाही पत्ता लागला नाही. अजून दोन फेऱ्या राहिल्या होत्या, मग “मालक आले”, मग पडदा.

मास्तरांनी पेटी थांबवली. भाता खाली दाबला, खटका लावला, पेटी उचलली आणि मंचावरून खाली उतरले. आम्ही पाच जणी तोंडं उघडी ठेवून उभ्या. पहिल्यांदा कुणीतरी शिट्टी मारली, मग हसणं सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी पंपाच्या खोलीसमोर आम्हाला रांगेत उभं केलं. त्यांनी आवाज चढवला नाही. विचारलं, “कुणी कुणाला शिकवलं?”

वत्सला म्हणाली, “मी शिकवली.”

“उद्यापासनं येऊ नको.”

ती माझ्याकडे बघत होती. ‘मी विचारलं होतं’ एवढंच मला म्हणायचं होतं. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. वत्सला घमेलं खाली ठेवून निघून गेली आणि मी मंगळवारी कामाला हजर झाले. हे मी लपवत नाही. मास्तरांवर राग धरायचा तर आधी स्वतःवरचा मोजून ठेवलेला बरा.

पण ऐका पुढं. तिला हाकललं, ठीक. तिच्या जागी दुसरी घ्या. कार्ल्याची एक चांगली गळ्याची मुलगी तयार होती. मास्तर म्हणाले, “ती जागा भरलेली हाय.” पुढची सहा वर्षं आम्ही चौघींनी ते गाणं चौथीच्या जागी भगदाड ठेवून गायलं. त्यांनी ती ओळ कुणाला दिली नाही, पेटीवर वाजवली नाही, आणि लिहायची तर त्यांना येतच नव्हती. शब्द वहीत होते, चाल फक्त डोक्यात.

बरं, जागा जर वत्सलाची, तर बेडशाला जायचं. सायकलनं तासभराचा रस्ता. मी कितीदा म्हटलं, मास्तर, एकदा जाऊन या. ते म्हणायचे, “त्यानं पण एक गायिका काढली हुती. परत न्हाई बोलावली.” एकदा माझा संयम सुटला. मी म्हटलं, त्या माणसाला कबरीत तरी सुखानं राहू द्या, बेडशाला तुम्हाला जायचंय, त्याला नाही. पंधरा दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

पुढं पुण्याहून दोघं जण आले होते. जुने जलसे रेकॉर्ड करून ठेवण्याचं काम करणारे, चांगली माणसं. मी खटपट करून आणली होती. बंगल्यावर चहा झाला, यंत्रं मांडली, आम्ही चौघी घरची कामं टाकून आलेल्या. मास्तर आले, यंत्राकडे बघितलं, म्हणाले, “चौघींचं गाणं म्हंजी तीन पायांची बाज. मी न्हाई बसणार तिच्यावर.” आणि गुलाबाला पाणी द्यायला गेले. त्या दिवशी मी त्यांना तोंडावर हट्टी म्हातारा म्हटलं. ते म्हणाले, “व्हय.”

गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि वाचाही गेली. बघायला गेले तर खाटेवर पडलेले, डावा हात तेवढा हलत होता आणि त्या हाताची बोटं चादरीवर चालत होती. पेटी वाजवतात तशी. मी तिथं उभी राहिले आणि मला इतका संताप आला की हातातली शहाळी मी खाटेवर आपटली. कारण मला तिचे शब्द तेवढे आठवत होते, चाल केव्हाच पुसली होती; आता ती चौथीची ओळ जगात एकाच माणसाकडे होती आणि तिच्याशी मी बत्तीस वर्षांत बोलले नव्हते. म्हातारा गेला की सबंध गाणं गेलं. पाच पोरींनी पाच वर्षं तण उपसून शिकलेलं.

मी बेडशाला गेले. लेण्यांच्या पायऱ्या सुरू होतात तिथं वत्सलाची चहाची टपरी आहे, मागं भाताची खाचरं. ती कांदा चिरत होती. मला बघून सुरी थांबली नाही.

“जय भीम,” मी म्हटलं.

“जय भीम. बसा मॅडम. चहा का पोहे?”

मी बसले नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मास्तरांचं, पुण्याच्या माणसांचं, चौघींच्या गाण्याचं. शेवटी ते बत्तीस वर्षांचं राहिलेलं वाक्य म्हटलं. “वच्छे, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं. मीच तुला म्हण म्हटलं होतं.”

“म्हाईत हाय मला. मी तितंच हुते ना.” तिनं कांदा पातेल्यात टाकला. “आन् त्यानं? त्यो का न्हाई आला? त्याला तवा तर पाय हुते.”

मी म्हटलं, “मास्तरांसाठी नको गाऊस. गाण्यासाठी गा. ओळ आठवते का तेवढं सांग.”

“न आठवाया काय झालं? रोज भाकरी थापताना म्हणते. भाकरीला सुदिक पाठ झाली आसंल.”

मी फोन काढला. म्हटलं, इथंच म्हण, रेकॉर्ड करून घेते. तिनं माझा हात खाली केला. “एकटी न्हाई म्हणायची. एकटी म्हणायची ती ओळच न्हाई. चौघी गोळा कर, मंग सांग.”

कार्ल्याच्या दोघी आणि तळेगावची पाचवी गोळा करायला मला दहा दिवस लागले. एकीचे गुडघे, एकीची नातवंडं, एकीच्या नवऱ्याला हे थेर वाटत होते. त्याला मी फोनवरून दोन शब्द सुनावले. रविवारी दुपारी पाची जणी मास्तरांच्या घरी उभ्या राहिलो. खोली एवढीशी. बाग नव्हती, म्हणून चार कोपऱ्यांत चौघी आणि दारात वत्सला. ती उंबऱ्याच्या आत आली नाही. मास्तरांनी तिला बघितलं. तोंड वाकडं झालेलं, काय वाटलं ते कळायला मार्ग नव्हता. मी फोन खिडकीत ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि पायानं ठेका दिला. पहिल्या मात्रेवर बसायचं, पुढच्या दोघींना शिवायचं.

मी एका कानात बोट घातलं होतं आणि समोरच्या कॅलेंडरवर नजर रोवली होती. पन्नाशीत दुसऱ्यांदा चुकायचं नव्हतं. दुसरी फेरी आली. “कुठं”चा सूर लांबवला आणि नजर क्षणभर खाटेकडे गेली. मास्तरांनी डावा हात उचलून डोळ्यांवर ठेवला होता. बाकी गाणंभर तो हात चादरीवर वाजवत होता. त्या एका जागी तो डोळ्यांवर गेला. मग पुन्हा खाली आला. मी चुकले नाही. वत्सलाही नाही. “मालक आले” झालं तेव्हा पाचवीला खोकला आला आणि मास्तरांची बायको पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. आम्हाला कसं झालं ते विचारू नका. गाताना आम्ही ऐकलंच नव्हतं.

मास्तर त्यानंतर अडीच महिन्यांनी गेले.

शोकसभेहून घरी आल्यावर मी ते रेकॉर्डिंग पहिल्यांदा लावलं. तोपर्यंत वेळ मिळाला नव्हता. सुट्ट्यांचा हंगाम होता आणि अकराही बंगले भरलेले. भाजी निवडत ऐकत होते. दुसऱ्या फेरीत ती जागा आली आणि मी हातातली मेथी खाली ठेवली. मागं नेऊन पुन्हा ऐकलं. पाच वेळा ऐकलं. माझं “कुठं” आणि वत्सलाचं “उभा” त्या जागी एकाच सुरावर येतात. एकच सूर, तीन मात्रा, दोघींचा. माझी ओळ खालून चढत येते, तिची वरून उतरत येते, तिथं भेटतात आणि पुन्हा वेगळ्या होतात. अख्ख्या गाण्यात दुसऱ्या कुठल्या दोन ओळी अशा भेटत नाहीत. अशा जागेवरून गळ्यानं कुठल्या वाटेनं जायचं? दोन पायवाटा एकत्र येतात तिथं गुरंसुद्धा चुकतात.

चूक माझी होती, पण खड्डा त्यांनी खणला होता. आणि त्यांना ते माहीत होतं. त्या संध्याकाळी माहीत होतं, दुसऱ्या दिवशी रांगेत उभं करून विचारलं तेव्हा माहीत होतं, आणि बत्तीस वर्षं गुलाबांना पाणी घालताना माहीत होतं. म्हणून ओळ दुसरीला दिली नाही. म्हणून बेडशाला जायचं तोंड नव्हतं. एक सूर बदलला असता. रोज कैची घेऊन फांद्या छाटणारा माणूस, त्याला एक सूर छाटता आला नाही, आणि पोरगी छाटता आली.

दुसऱ्याच दिवशी मी टपरीवर जाऊन वत्सलाला ते ऐकवलं. फोन कानाला धरून तिनं ती जागा दोनदा ऐकली.

“रोज आपल्याला जोडीनं येताना बघायचा त्यो,” ती म्हणाली. “म्हणून घातलं आसंल तसं.”

“मग तसं सांगायचं. हाकलायचं कशाला?”

“त्ये त्यालाच म्हाईत.” तिनं दुधाला उतू जाऊ दिलं नाही, वेळेवर खाली घेतलं. “सूर बदलायचा का मंग?”

आम्ही बदलला नाही. यंदापासून दर रविवारी वत्सलाच्या खळ्यावर पाच मुली येतात. कुणाकडून तण काढून घेत नाही. पाचींना पाची ओळी ऐकवतो, सुरुवातीलाच, आणि ही जागा अवघड आहे हेही सांगून ठेवतो. तरी तिसरी आणि चौथी तिथं चुकतात. चुकल्या की आम्ही थांबवतो आणि पुन्हा पहिल्यापासून घेतो. एवढंच करायचं असतं. एवढंच त्यांना जमलं नाही.